मित्र मोजायची पट्टी

विल्यम मॅककलॉक हे ओहायोचे रिपब्लिकन. १९४७ ते १९७३ अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात होते. मतदारसंघात कृष्णवर्णीय मतदार मोजकेच, म्हणजे मतांचा स्वार्थ नव्हता. १९५७ आणि १९६०चे नागरी हक्क कायदे सिनेटमध्ये दुबळे झालेले त्यांनी पाहिले होते. म्हणून १९६३मध्ये केनेडी सरकारला साथ देताना त्यांनी अट घातली: सिनेटमध्ये विधेयकाची धार बोथट करायची नाही. फेब्रुवारी १९६४मध्ये प्रतिनिधीगृहाने ते २९० विरुद्ध १३० मतांनी मंजूर केले.

हा कायदा रस्त्यावर मार खाणाऱ्या कृष्णवर्णीयांनी मिळवला; श्रेय त्यांचेच. पण आपल्या मंचावर येणाऱ्या सवर्ण मित्रांना मोजायला मॅककलॉक यांची पट्टी उपयोगी आहे. भाषण ऐकून टाळ्या वाजवण्याआधी विचारा: तडजोडीच्या वेळी तुम्ही काय सोडू दिले नाही?