गेलेलें काम आणि मागितलेला पुरावा

सोलापूरचे टॉवेल परदेशीं जातात याचा आपणांस अभिमान वाटतो, आणि तो योग्यच आहे. परंतु पूर्वीं हेंच काम जेथें चालत असे तेथील माग थांबले म्हणजे त्यांवरील माणसांचें काय होतें, याचाही विचार विद्यार्थिबंधूंनीं व त्यांच्या पालकांनीं एकदां करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यांत कॅनापोलिस नांवाचें गांव आहे. गिरणीच्या आश्रयानें वाढलेलें हें गांव चादरी व टॉवेल यांकरितां प्रसिद्ध होतें. ३० जुलै २००३ रोजीं तेथील पिलोटेक्स कंपनीनें आपल्या गिरण्या कायमच्या बंद केल्या आणि त्या एका राज्यांतच ४,००० हून अधिक माणसें बेकार झालीं. स्वस्त परदेशी मालाची स्पर्धा हें त्याचें एक मोठें कारण. कंपनीच्या डोक्यावरील कर्ज हें दुसरें. त्या कामगारांपैकीं पुष्कळांनीं हायस्कूल पुरें न करतांच गिरणी धरली होती. आतां उतारवयांत त्यांस पुन्हा बाकावर बसून हिशेब व निबंध शिकावे लागले. आपल्याला शाळेचा कंटाळा येतो तेव्हां हें चित्र डोळ्यांपुढें आणण्यासारखें आहे.

अशा कामगारांसाठीं अमेरिकेनें १९६२ सालीं, केनेडी यांच्या कारकीर्दींत, साहाय्याचा कायदा केला होता. जकात उतरली म्हणजे माल सर्वांस स्वस्त मिळतो. मग त्याची किंमत मूठभर कामगारांनींच कां भरावी, हा त्यामागील विचार. विचार उत्तम, पण अटी अशा कडक कीं, १९६९ सालापर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाहीं! जकातीच्या सवलतीमुळेंच आयात वाढली, आणि त्या आयातीमुळेंच मुख्यतः काम गेलें, हीं दोन्ही प्रमेयें सिद्ध करावीं लागत. गिरणींतून बाहेर पडलेल्या मनुष्यानें अर्थशास्त्रज्ञांसही अवघड असा पुरावा कोठून आणावा?

१९७४ च्या कायद्यानें अट सैल केली. तीन कामगार मिळून अर्ज करूं शकत. मजूरखातें चौकशी करी. दाखला मिळाला कीं नवें शिक्षण आणि शिकत असतां साप्ताहिक भत्ता मिळे. २००२ च्या सुधारणेनें पन्नाशी गांठलेल्या कामगारानें कमी पगाराची नोकरी पत्करल्यास तुटीचा अर्धा भाग कांहीं मर्यादेपर्यंत व दोन वर्षें सरकारनें भरून द्यावा, अशी सोय झाली. मला तरी ही तरतूद सर्वांत शहाणपणाची वाटते. प्रत्येकाला नवी विद्या साधेलच असें नाहीं. पण भाकर प्रत्येकालाच लागते.

तथापि मूळ दोष राहिलाच. एका आळींतील दोन शेजारी घ्या. एकाचें काम परदेशी मालानें गेलें, दुसऱ्याचें नव्या यंत्रानें. चूल दोघांचीही थंडावली. पण पहिल्यास शिक्षण व लांबलेला भत्ता, दुसऱ्यास केवळ बेकारीचा साधा भत्ता. हा न्याय मनास पटत नाहीं.

आपल्या देशांत कायमच्या बंद पडलेल्या कापडगिरण्यांतील कामगारांसाठीं १९८६ सालीं पुनर्वसन निधीची योजना निघाली होती. पहिल्या वर्षीं वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षीं ५० व तिसऱ्या वर्षीं २५ टक्के, असा तिचा हिशेब. अटी तिलाही होत्या आणि मदत उदार खचित नव्हती. पण गिरणी परदेशी मालानें बुडाली कीं मालकाच्या कर्जानें, हें तिनें कामगाराकडून वदवून घेतलें नाहीं. ती बंद पडली एवढेंच पाहिलें. पात्रतेची कसोटी असावी तर अशी, असें माझें मत आहे. यानें तिजोरीवर भार वाढेल, हा आक्षेप खरा आहे. परंतु स्वस्त मालाचा लाभ घेणाऱ्या सर्वांनीं तो थोडथोडा उचलणें कांहीं अशक्य नाहीं.

अमेरिकेंत मात्र गाडी उलट दिशेनें गेली. १ जुलै २०२२ रोजीं त्या कायद्याची मुदत संपली आणि नव्या अर्जांची चौकशी करण्याचा मजूरखात्याचा अधिकार थांबला. ज्यांच्या हातीं आधींच दाखला होता त्यांचा लाभ चालू राहिला. ज्यांचा कारखाना दुसऱ्या आठवड्यांत बंद पडला, त्यांना तो दाखला देण्यास कोणी उरलें नाहीं.