जुनी होडी घेताना रंग नको, तळ बघा

उजनीच्या फुगवट्यावर ज्यांच्या मोटारी आहेत त्यांना होडीशिवाय भागत नाही. नवी परवडत नाही म्हणून आपण जुनी शोधतो. माझं मत विचाराल तर ॲल्युमिनियमची मिळाली तर तीच घ्या. लोखंडी पत्रा तळातनं गंजतो, हिला तांबेरा चढत नाही. हलकी असल्यानं दोघं जण उचलून काठावर घेतात.

पण आधी पालथी घालून बघा. साध्या पोच्याला भिऊ नका, दगडाला लागून पोचा येतोच. रिबिटावर किंवा जोडावर चीर गेली असेल तर मात्र सोडून द्या. लोखंडी बोल्टाभोवती पांढरी भुकटी दिसली तर तिथं पत्रा खाल्ला गेलाय समजा. मग सुलटी करून विटांवर ठेवा, आत दोन-चार बादल्या पाणी ओता. गळती बाहेरनं लगेच कळते. मी एकदा ताज्या रंगाला भुललो. रंगाखाली नुसतं एमसील निघालं, पहिल्याच दिवशी घोट्याएवढं पाणी!

बाकाखाली फोम आहे का तेही बघा, नाहीतर पाणी भरलं की होडी थेट तळाला. आणि धातूतनं करंट येतो, म्हणून मोटारीपाशी जायच्या आधी काठावरचा फ्यूज काढून खिशात ठेवा.

२१ मे २०२४ ला कळाशी-कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जीव गेले. होडी कितीही भारी असू द्या, वारा सुटला की पाण्यात उतरू नका. जाकीट घालाच. पाणी उद्या देता येतं.