हौस घोडीची, हिशोब पाण्याचा

आमच्या नदीचे नाव घोड, तालुक्याचे ठिकाण घोडेगाव. आहुप्याच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी डिंभ्याला धरणात अडते आणि पुढे भीमेला जाऊन मिळते. अशा नावांच्या मुलखात एखाद्याच्या दारात घोडी बांधलेली असणे नवलाचे वाटू नये, पण वाटते. घोडी माझी आहे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, वरातीला किती घेता?" मुसलमानाच्या दारची घोडी म्हणजे ती लग्नाची, भाड्याची, असे लोक धरूनच चालतात. भाड्याने देत नाही म्हटले की दुसरा प्रश्न येतो: "मग गाड्यापुढे धरता का?" याला मला अर्धेच हो म्हणता येते. शेजारच्या गाडामालकाच्या बैलांपुढे वर्षातून दोन-तीन यात्रांत ती पळते, तीही पैसे न घेता. तिसरा प्रश्न सहसा कुणी तोंडाने विचारत नाही, तो नजरेत असतो: मास्तराला ही हौस हवीच कशाला?

हिवाळ्यात हा प्रश्न हसून सोडून देता येतो. चैत्र लागला की सोडता येत नाही. उन्हाळ्यात घोडी सांभाळणे म्हणजे नेमके काय, हे आधी सांगतो. मग माझे म्हणणे मांडतो.

गाय-बैल सांभाळलेल्या माणसाला वाटते की घोडीचेही तसेच असणार. तसे नसते. घोडी रवंथ करत नाही. तिचे पोट लहान, आतडे लांब, आणि तिला उलटी होत नाही. खाल्लेले बाधले तर ते वर येऊन सुटका होत नाही, पुढेच सरकावे लागते. उन्हाळ्यात नुसता कोरडा कडबा टाकला आणि पाणी कमी पडले की आतड्यात चारा अडतो आणि पोटशूळ उठतो. घोडी सारखी पोटाकडे वळून बघू लागली, जमिनीवर लोळू लागली, घाम फुटला, की डॉक्टर यायला लागणारा प्रत्येक तास तिच्या जिवाचा असतो. म्हणून चारा थोडा थोडा, दिवसातून चार वेळा द्यायचा. लसूणघास, कुट्टी, भिजवलेले हरभरे, कोंडा यांत बदल करायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू.

दुसरी गोष्ट घामाची. आपल्यासारखा घोड्यालाही अंगभर घाम येतो आणि त्या घामातून पाण्याबरोबर मीठ जाते. गव्हाणीत खडेमिठाचा खडा नसेल तर नुसते पाणी पाजून भागत नाही. निरोगी घोडीचे अंग विसाव्यात साधारण साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सिअस असते. श्वास मिनिटाला आठ ते सोळा. हे दोन आकडे मी गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहेत, कारण दुपारी दोन वाजता नाकपुड्या फुगलेल्या दिसल्या की अंदाजावर चालत नाही. मोजावे लागते. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती लगेच सपाट झाली नाही, तर घोडीच्या अंगातले पाणी कमी झाले आहे हे ओळखायचे.

जुनी माणसे सांगत आली की तापलेल्या घोडीवर गार पाणी ओतू नये, ती धरली जाते. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी, तिथल्या उष्ण आणि दमट हवेत घोडे कसे टिकतील यावर बराच अभ्यास झाला. गार पाणी अंगावर ओतत राहिल्याने घोड्याला अपाय होत नाही, उलट त्याचे अंग लवकर निवते, हे त्यातून पुढे आले. पळून आलेल्या घोडीला सावलीत चालवायचे, अंगावर पाणी ओतायचे, ते निथळवायचे, पुन्हा ओतायचे, आणि मधून मधून प्यायला द्यायचे. एवढे केले तर पुष्कळ घोड्या वाचतील.

जुन्नर, आंबेगाव भागात याला आणखी एक पदर आहे. घोडीला उन्हाळ्यात मोकळा, वाऱ्याचा गोठा हवा. पण इथे बिबट्या आहे. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे यावरून काय ते समजावे. ऊसतोड उरकली की बिबट्याचा आडोसा जातो आणि तो वस्तीच्या आणखी जवळ येतो. गोठा बंद करावा तर पत्र्याखाली घोडी उकडते, उघडा ठेवावा तर रात्री झोप नाही. शेवटी चारही बाजूंनी जाळी, वर पत्रा आणि पत्र्यावर उसाच्या पाचटाचा थर असा मार्ग काढला. तो खर्च घोडीच्या किमतीत कुणी धरत नाही.

नालेचेही तसेच. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते, म्हणून दीड महिन्याने नाल काढून, खूर तासून, पुन्हा मारावी लागते. खिळा चुकला, जखम झाली तर धनुर्वाताची भीती, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. हे काम करणारे नालबंद आपल्याकडे बहुतेक मुसलमान. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, आणि या घरांतली मुले वेल्डिंगला, गॅरेजला लागली. बैलाच्या खुराचे दोन भाग, त्याला दोन पत्र्या. घोडीला एकच पुरी नाल. हा फरक हाताला ठाऊक असलेला माणूस शोधायला आता तालुका ओलांडावा लागतो.

आता मुख्य गोष्ट, पाण्याची. माझ्या घोडीला थंडीत दिवसाला दोन बादल्या पाणी पुरते. वैशाखात चार लागतात, म्हणजे साठ लिटरच्या आसपास, आणि अंग धुण्याचे वेगळे. गेल्या उन्हाळ्यात वरच्या अंगाच्या वाडीतल्या एक मावशी गोठ्यापाशी थांबल्या. त्यांच्या वाडीला टँकर येतो. त्यांनी विचारले, "घोडीला रोज किती हंडे लागतात, गुरुजी?" आवाजात टोमणा नव्हता. मी म्हटले, "चार, मावशी." त्या म्हणाल्या, "आमच्या घराला पाच मिळतात," आणि निघून गेल्या.

डिंभे धरणाचे पाणी कालव्यांनी दूर पूर्वेकडे जाते, शिरूर, पारनेर, श्रीगोंद्यापर्यंतची शेते भिजवते. धरणाच्या वरच्या डोंगरात मात्र उन्हाळ्यात बायका हंडा घेऊन फिरतात. ही विसंगती माझ्या घोडीने निर्माण केलेली नाही आणि घोडी विकून ती मिटणारही नाही. पण एवढे म्हणून मला मोकळे होता येत नाही. ज्या गावात पाण्याला रांग लागते तिथे हौशीने जनावर पाळणाऱ्याने आपल्या हौशीचा हिशोब द्यायला हवा.

हा हिशोब कसा मांडायचा हे आपल्या परंपरेत फार आधी सांगून ठेवले आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत घोड्यांविषयीची एक हदीस आहे. तिचा आशय असा की घोडे तीन तऱ्हेच्या माणसांकडे असतात. एकासाठी तो सवाब असतो. दुसऱ्यासाठी आडोसा, म्हणजे कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून पाळलेला, आणि त्यावरचा अल्लाहचा हक्क न विसरता पाळलेला. तिसऱ्यासाठी तो मानेवरचे ओझे असतो, कारण त्याने तो दिखाव्यासाठी, अहंकारासाठी आणि वैरापायी बांधलेला असतो. त्याच हदीसमध्ये पुढे असेही आहे की पहिल्या माणसाचा घोडा वाटेत नदीवर पाणी प्यायला, आणि मालकाने ते मनात आणलेलेही नसले, तरी ते त्याच्या खात्यात नेकी म्हणून लिहिले जाते.

मदरशात ही हदीस जिहादच्या प्रकरणात शिकवली जाते आणि बहुतेकांच्या लेखी तिथेच संपते. मला ती रोजच्या गोठ्याची वाटते. घोडा तिघांकडे सारखाच दिसतो. फरक मालकात आहे. आणि आपण तिघांपैकी कोण, हे उन्हाळ्याच्या भर दुपारी कळते.

म्हणून काही गोष्टी मी माझ्यासाठी ठरवून घेतल्या आहेत. पिण्याचे पाणी फक्त पिण्यासाठी. खरारा रोज, अंग धुणे आठवड्यातून एकदा, एरवी ओल्या पोत्याने पुसणे. धुतलेले पाणी आणि घरातले वजूचे पाणी चरीने लसूणघासाच्या वाफ्यात जाते. वाहत्या नदीकाठी बसून वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण लहानपणी पाठ झाली होती. तिचा उपयोग गोठ्यात झाला. टँकर सुरू झाला की सकाळी शाळेआधी आणि सुट्टीत उजाडताच घोडीला नदीवर नेऊन पाजायचे, गावाच्या टाकीला हात लावायचा नाही. कष्ट वाढतात, पण हौस स्वतःच्या कष्टावर उभी असेल तरच ती हौस म्हणावी. दुसऱ्याच्या हंड्यावर उभी असेल तर ते ओझे.

हाच हिशोब मला यात्रेलाही मागायचा आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागात चैत्र-वैशाखातल्या यात्रांत बैलगाडे घाटाचा चढ धावतात आणि बैलांपुढे एक घोडी पळते. तिला 'घोडी धरणे' म्हणतात. 2022 मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्यावर शिरूरचे खासदार अमोल कोल्हे यांनी निमगाव दावडीच्या घाटात घोडी धरली, तेव्हा राज्यभर ते चित्र दिसले. सगळी बारी काही सेकंदांत संपते.

या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी दिली, आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या साऱ्या वर्षांत वाद झाला तो बैलाचा. तो व्हायलाच हवा होता. पण घोडीचे नाव कुणी काढले नाही. बैल आपल्या गाड्याची बारी पळून बाजूला होतो. चांगल्या घोडीला मात्र त्याच दिवशी एकामागून एक अनेक गाड्यांपुढे धरतात. एका यात्रेत मी सकाळपासून तीन वाजेपर्यंत एक घोडी उन्हात जीन चढवलेली उभी पाहिली. भोवती लाखांच्या बक्षिसांचे फलक होते. पाण्याची बादली नव्हती.

माझी मागणी मोठी नाही. यात्रा कमिट्यांनी घाटाजवळ घोड्यांसाठी मांडव आणि पाण्याची टाकी ठेवावी. एका घोडीने दिवसात किती बाऱ्या धराव्यात याची मर्यादा आधी जाहीर करावी आणि टोकनाच्या वहीत तिचीही नोंद व्हावी. बारा ते चार घाट बंद ठेवावा. बैल तपासायला येणाऱ्या पशुवैद्यकाने घोडीही बघावी. याला पैसे फार लागत नाहीत, बक्षिसांच्या यादीतला शेवटचा आकडा थोडा कमी केला तरी पुरेल.

काही मुसलमान मित्र मला विचारतात की यात्रेच्या गोष्टीत तू कशाला पडतोस. त्यांना मी भाषेतून उत्तर देतो, कारण माझा धंदाच तो. लगाम, रिकीब, जीन, खोगीर, तोबरा, चाबूक, नाल, अबलख, पागा: मराठी घोड्याच्या अंगावरचे जवळजवळ सगळे शब्द फारसी-अरबीतून आले आणि इथल्या मातीत इतके मुरले की आज ते कुणाचे हे विचारण्यात अर्थ नाही. माझ्या उर्दूच्या वर्गातले आणि मराठीच्या वर्गातले घोडे एकाच तबेल्यातले आहेत. माझी घोडी शेजाऱ्याच्या बैलांपुढे पळते तेव्हा तिच्या तोंडात लगाम कोणत्या भाषेतला आहे, हे घाटात कुणी पाहत नाही. जे माझे आहे त्याची काळजी मागण्याचा हक्कही माझाच आहे.

याच शब्दांत एक शिलेदार आहे आणि एक बारगीर. सरकारी पागेच्या घोड्यावर बसायचा तो बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन यायचा तो शिलेदार. शिलेदाराचा मान मोठा होता, पण घोडा मेला तर तो त्याचा स्वतःचा मरायचा, म्हणून चाऱ्या-पाण्याची जबाबदारीही त्याचीच. राज्यगीतात आपण भीमथडीच्या तट्टांचा अभिमान मिरवतो. तो मान हवा असेल तर शिलेदाराची जबाबदारीही घ्यावी लागेल. यंदा ज्यांच्या दारात घोडी आहे त्या प्रत्येकाने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, यात्रेच्या बैठकीत उठून एवढेच विचारावे: घाटात पाणी कुठे ठेवणार, आणि सावली कुठे?