टाकीला अनुदान, जंतूंना वाली नाही



गोबर गॅस बंद पडतो तो शेतकऱ्याच्या आळसामुळे, हा आपल्या अंकातला सूर वाचून संताप आला. टाकीच्या घुमटाखाली जिवंत जीव पोसायचे आहेत, हे त्याला कुणी सांगितले होते का?

शेण कुजवून आम्ल करणारे जंतू काही तासांत दुप्पट होतात. त्या आम्लातून मिथेन काढणाऱ्यांना मात्र दुप्पट व्हायला दिवसच्या दिवस लागतात. त्यामुळे नव्या टाकीत हौसेने भरभरून शेण ओतले की आम्ल साचते, मिथेनवाले जंतू मान टाकतात आणि शेगडी पेटेनाशी होते. घरधन्याला वाटते शेण कमी पडले, तो आणखी दोन पाट्या ओततो. तिथेच टाकी मरते! अशा वेळी शेण थांबवून दुसऱ्याच्या चालू टाकीतली रबडी विरजणासारखी घालायची असते. टाकी बांधून पैसे घेऊन गेलेल्याने एवढे सांगायला नको?

थंडीचेही तेच. या जंतूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते, १५ च्या खाली ते जवळपास थिजतात. पौषात, आमच्या म्हसोबाच्या यात्रेच्या सुमारास, चहाला उकळी यायच्या आत ज्योत बसते आणि बायका पुन्हा चुलीकडे वळतात. घुमटावर भाताचा पेंढा जाड रचावा, शेण दुपारी उन्हात तापलेल्या पाण्यात कालवावे, गोठा धुतलेले फिनेलचे पाणी टाकीत जाऊ देऊ नये. यातल्या कशाला पैसा लागतो?

देहूत डॉ. सुहास मापुसकरांनी शौचालयाला जोडलेला गॅस रुजवला, कारण ते स्वतः गावात राहून त्यामागे लागले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांची ती चिकाटी मात्र कोणत्याच योजनेत उतरली नाही. आमच्याकडे घुमटापुढे फोटो निघतो, अनुदान सुटते आणि माणूस पुन्हा फिरकत नाही.

वर भातशेतीतून मिथेन निघतो म्हणून आम्हालाच बोल! भाद्रपदात खाचरात पाय रुतला की बुडबुडे येतात, ते याच जातीच्या जंतूंचे, हे खरे. पण तोच मिथेन घुमटात धरून जाळायला आम्ही तयार आहोत, तेव्हा मदतीला कोण येते?

पहिला हिवाळा निघून शेगडी पेटती दिसेपर्यंत बांधणाऱ्याचे निम्मे पैसे रोखून धरा.

— एक शेतकरी वाचक, म्हसा (ता. मुरबाड, जि. ठाणे)