गिनीपिगची देखभाल : आणणारी नातवंडे, सांभाळणारे आजी-आजोबा

नातवंडांच्या हट्टापायी घरी आलेले गिनीपिग महिन्याभरात आजी-आजोबांच्या स्वाधीन होते, हा अनेक घरांतील अनुभव आहे. मुले शाळेत, मुलगा-सून कामावर. दिवसभर घरी असतात ती ज्येष्ठ मंडळी. हा प्राणी साधारण 5 ते 8 वर्षे जगतो. त्याला एकटेपणा सोसत नाही, म्हणून दोन माद्यांची जोडी ठेवणे उत्तम. इतक्या वर्षांची जबाबदारी पेलणार का, हे तो आणण्यापूर्वीच घरातील ज्येष्ठांना विचारावे.

आहाराच्या बाबतीत या प्राण्याचे आपल्याशी एक साम्य आहे. 'क' जीवनसत्त्व त्याच्याही शरीरात तयार होत नाही. 1907 मध्ये नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिक या संशोधकांनी गिनीपिगांना केवळ धान्य व पाव दिला, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला. ताज्या भाजीपाल्याने तो टळला. म्हणून भाकरी, पोळी, बिस्किटे वा दूध देऊ नये. वाळलेले गवत अष्टौप्रहर समोर असावे, कारण त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि चावण्यानेच झिजतात. सोबत रोज ढोबळी मिरचीचा तुकडा, कोथिंबीर, धुतलेली हरळी द्यावी. फवारणी झालेल्या बांधावरचे गवत आणू नये. लसूणघासात कॅल्शियम अधिक असते. प्रौढ प्राण्यास तो नित्य दिल्यास मूतखड्याचा धोका वाढतो. कांदा, लसूण, बटाटा आणि कोवळ्या ज्वारीची पाने पूर्णतः वर्ज्य.

बिलोलीसारख्या ठिकाणी खरी कसोटी लागते ती एप्रिल-मे महिन्यांत. गिनीपिगला 18 ते 24 अंश तापमान मानवते. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत वा उन्हाच्या खिडकीशी पिंजरा ठेवू नये. घरातील सर्वांत थंड खोली निवडावी, पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा ठेवावा आणि कूलरचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये. वीज गेल्यास गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. प्राणी आडवा पडून धापा टाकू लागला, लाळ गाळू लागला, तर कान व पाय साध्या गार पाण्याने ओले करावेत आणि तत्काळ पशुवैद्यांकडे न्यावे. बर्फाचे पाणी अंगावर ओतू नये.

हा प्राणी दुखणे लपवतो. म्हणून आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातील काट्यावर स्वच्छ टोपली ठेवून त्याचे वजन करावे व वहीत नोंदवावे. खाणे थांबले किंवा लेंड्या कमी झाल्या, तर 'उद्या पाहू' म्हणू नये. दिवसभराचा उपवासही त्याच्या जिवावर बेतू शकतो. घरातील उरलेले अमॉक्सिसिलिन वा अन्य औषध कदापि पाजू नये. त्यामुळे त्याच्या आतड्यांतील उपयुक्त जिवाणू नष्ट होऊन मृत्यू ओढवू शकतो. ग्रामीण भागातील दवाखान्यांत मुख्यतः गुरे-शेळ्या येतात. म्हणून गिनीपिगवर उपचार कोण करतात, याची चौकशी आधीच करून ठेवावी. उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथेही विचारता येईल.

ज्येष्ठांनी स्वतःचीही काळजी घ्यावी. पिंजरा मेजावर ठेवल्यास वाकावे लागत नाही. प्राण्याला उभ्याने उचलून फिरू नये; खाली वा खुर्चीत बसून मांडीवर घ्यावे. पायांत घुटमळणारा प्राणी आपल्यालाही पाडू शकतो. दमा असणाऱ्यांनी गवत झटकण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे. गजकर्ण त्याच्यापासून माणसाला होऊ शकते. अंगावरचे केस गोल चट्ट्यांत गळलेले दिसल्यास उघड्या हाताने हाताळू नये. मधुमेही व्यक्तींनी ओरखड्यांकडे दुर्लक्ष करू नये आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत.

पिंजरा साफ करण्याचे काम मात्र नातवंडांकडेच ठेवावे, आणि वजनाची वही दर रविवारी त्यांच्यासोबत उघडावी.