पत्र येण्याआधीचा आजार

गेल्या पावसाळ्यात सोमवारच्या ओपीडीत लालबागचे एक गृहस्थ आले. वय ४८. छातीत धडधड, मान जड, रात्री तीनला जाग आली की पुन्हा झोप नाही. रक्तदाब १६४/१०२. ईसीजी नीट, साखर काठावर. रक्तदाबाची एक गोळी तीन वर्षे चालू होती आणि आजवर ती पुरत होती. ‘‘नवीन काही घडलंय का?’’ असं विचारलं तर म्हणाले, ‘‘काही नाही.’’ केसपेपर हातात घेऊन उठता उठता मात्र म्हणाले, ‘‘ऑफिसात माझं काम बदललंय, डॉक्टर.’’

मी त्यांना पुन्हा बसवलं. लोअर परळच्या एका कार्यालयात ते एकवीस वर्षे बिलांचं काम पाहत होते. मार्चपासून त्यांना नवं पदनाम मिळालं. पगार तोच, पदाचं नाव आधीपेक्षा मोठं. पण हाताखाली कोणी नाही, टेबल वेगळ्या मजल्यावर, आणि जुनं काम दोन नव्या मुलांना शिकवण्याची जबाबदारी. बैठकांचे निरोप येईनासे झाले. त्यांना कोणी काढलं नव्हतं, काढणार असंही कोणी म्हणालं नव्हतं. चार महिने ते रोज पत्राची वाट पाहत होते. घरी बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ‘‘माझ्या वडिलांचं झालं तेच माझं होणार,’’ एवढं बोलून ते गप्प झाले.

त्यांचे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी, स्वतः डॉक्टर असलेल्या दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा मी शाळेत होतो. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्यामुळे कित्येक घरांत ‘गिरणी गेली’ हे मान्य करण्याचा दिवसही उजाडला नाही. आज ना उद्या भोंगा वाजेल, या आशेवर माणसं थांबून राहिली. त्या पिढीच्या हलाखीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या वाट पाहण्याने शरीरांचं काय केलं, हे मात्र त्या वेळी कोणी मोजलं नाही.

काम बदलण्याची भीतीही गिरणगावाला नवी नाही. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या, त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं. मालकांनी कार्यक्षमतेच्या नावाखाली विणकराला दोनऐवजी तीन माग सांभाळायला सांगितले. तीन माग एकाने चालवले की माणसं कमी लागतात, हे समजायला कामगाराला कोणी हिशेब शिकवावा लागला नाही. कामाचं स्वरूप आधी बदलतं, कपात मागून येते. म्हणून नवं पदनाम मिळालेल्या माणसाला झोप येत नसेल तर त्याला ‘उगाच काळजी करता’ म्हणू नये. त्याचा अंदाज चुकीचा असू शकतो, पण तो वेडगळ नक्कीच नाही.

माझं म्हणणं असं, की नोकरी जाण्याइतकाच, कधी कधी त्याहून जास्त, त्याआधीचा अधांतरी काळ माणसाला आजारी पाडतो. अमेरिकेत कास्ल आणि कॉब या संशोधकांनी बंद पडणाऱ्या कारखान्यांतल्या पुरुषांचा रक्तदाब टप्प्याटप्प्याने मोजला. १९७० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत, कारखाना अजून चालू असताना, म्हणजे फक्त चाहूल लागलेली असतानाच तो चढलेला होता. दुसरी नोकरी मिळून स्थिरावल्यावर तो उतरला. लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात एका खात्याचं खासगीकरण होणार असं ठरलं. बदल प्रत्यक्षात येण्याआधीच तिथल्या कर्मचाऱ्यांची प्रकृती इतर खात्यांच्या मानाने खालावलेली आढळली. हे १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं.

यामागचं कारण शरीराच्या कामकाजात आहे. समोर संकट उभं राहिलं की ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल वाढतात, नाडी आणि रक्तदाब चढतो. संकट टळलं की सारं पूर्ववत होतं. पण संकट येतही नाही आणि टळतही नाही, तेव्हा शरीराला विसावा मिळत नाही. झोप मोडते, तंबाखू वाढते, संध्याकाळची एक पेग दोनवर जाते. आणि आमच्या रुग्णांत हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे पुढच्या काळजीने आजची गोळी वाचवली जाते.

तेव्हा अशा काळात काय करावं? डॉक्टरने वकिली करू नये, हे मला मान्य आहे. पण अनिश्चितता हेच दुखणं असेल तर ती कमी करणं हा उपचाराचाच भाग आहे.

पहिलं म्हणजे, विचारा आणि लेखी विचारा. ‘माझ्या नव्या कामाचं स्वरूप काय, मी कोणाला उत्तरदायी, हे पद किती काळासाठी’ हे तीन प्रश्न सभ्य भाषेत ईमेलने पाठवा. वाईट उत्तर आलं तरी त्याला तारीख असते, आणि तारखेची तयारी करता येते.

दुसरं, रागाच्या किंवा थकव्याच्या भरात राजीनामा लिहून देऊ नका. कायद्याच्या व्याख्येतल्या कामगाराने वर्षभर सलग नोकरी केली असेल, तर कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. स्वतःहून राजीनामा दिला की या भरपाईवरचा हक्क जातो. ग्रॅच्युइटी याहून वेगळी. तुम्ही ‘कामगार’ आहात की नाही, हे पाटीवरच्या पदनामावर ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता यावर ठरतं. म्हणून नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, काम बदलल्याचे आदेश घरी जपून ठेवा. कसलाही कागद सही करण्याआधी युनियनला किंवा कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. ‘आत्ताच सही करा’ असं कोणी म्हणालं तर ‘उद्या देतो’ म्हणायला हरकत नसते.

तिसरं, घरी सांगा. लपवलेल्या गोष्टीचं ओझं दुप्पट होतं, आणि खर्चाची फेरमांडणी एकट्याने होत नाही.

चौथं, औषध बंद करू नका. महाग वाटत असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. जेनेरिक गोळी लिहून घ्या, सरकारी रुग्णालयात या. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, तेव्हा नोकरी असतानाच वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची चौकशी करा. छातीत दुखलं तर ‘टेन्शनमुळे असेल’ असं स्वतः ठरवू नका, ईसीजी काढा. झोप दोन-तीन आठवडे उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ या टेली मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

पाचवं, नोकरी गेलीच तर दिवसाला आकार ठेवा. १९३० च्या सुमारास व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावातली कापड गिरणी बंद पडली. तिथे गेलेल्या संशोधकांनी चक्क घड्याळ लावून लोकांची चाल मोजली. बेकार पुरुष संथ चालत, वाटेत वारंवार थांबत. हाताशी वेळच वेळ असूनही वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं. उठण्याची वेळ, तासभर चालणं, ठरलेलं जेवण या गोष्टी किरकोळ नाहीत.

मात्र सगळा भार कर्मचाऱ्यावर टाकणं अन्यायाचं होईल. ज्यांना माणसं कमी करायची आहेत, त्यांनी ते वेळेत आणि तारखेसह सांगावं. माणूस कंटाळून स्वतःच जाईल म्हणून त्याला महिनोन् महिने रिकाम्या टेबलाशी बसवणं हे त्याच्या प्रकृतीवर केलेलं घाव घालणं आहे, मग हिशेबाच्या वहीत ते दिसो वा न दिसो. आणि आम्हा डॉक्टरांचंही चुकतं. केसपेपरवर ‘व्यवसाय’ या शब्दापुढे आम्ही ‘नोकरी’ लिहितो आणि पुढे जातो. ‘नोकरीत काही बदल झालाय का?’ हा प्रश्न अर्ध्या मिनिटाचा आहे. त्या दिवशी ते गृहस्थ उठता उठता बोलले नसते, तर मी नुसती दुसरी गोळी वाढवून त्यांना पाठवलं असतं.

सहा आठवड्यांनी ते परत आले. त्यांनी लेखी विचारलं होतं. उत्तर आलं ते चांगलं नव्हतं. पद डिसेंबरपर्यंतच होतं. पण एकवीस वर्षांचा हिशेब त्यांनी युनियनच्या माणसाकडून मांडून घेतला होता आणि लालबागमधल्याच एका व्यापाऱ्याकडे हिशेबाच्या कामाचं बोलणं चालू होतं. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘रोज तीन वाजता दिवा लागतो, मला काय कळत नाही होय?’’

रक्तदाब १३८/८६ होता. त्यात वाढवलेल्या गोळीचा वाटा आहेच. पण आता ते रात्री पाच-सहा तास झोपतात, आणि ती झोप काही मी लिहून दिलेली नाही.