विश्लेषण : समाजशास्त्र ‘सोपे’ म्हणून घेताय? मेजर-मायनरचे गणित आधी समजून घ्या

बारावीनंतर कला शाखेच्या प्रवेश अर्जावर समाजशास्त्रापुढे खूण करणारे अनेक विद्यार्थी ती एकाच सल्ल्यावरून करतात : ‘विषय सोपा आहे, पास होशील.’ मावळ तालुक्यातील सुदुंबरे येथून तळेगाव दाभाडे, चाकण किंवा पिंपरी-चिंचवडला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींनाही हाच सल्ला मिळतो. जुन्या रचनेत अशा निवडीचे फारसे बिघडत नसे. आता मात्र पहिल्या वर्षीची ही खूण पुढच्या तीन-चार वर्षांची दिशा ठरवते. त्यामुळे ती समजून-उमजून करायला हवी.

नवी रचना काय आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीची नवी रचना राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कला शाखेचा विद्यार्थी पहिल्या वर्षी तीन विषय घेतो. दुसऱ्या वर्षी त्यांपैकी एक मेजर म्हणजे मुख्य आणि एक मायनर म्हणजे दुय्यम विषय होतो, तिसरा सुटतो. त्याखेरीज खुला वैकल्पिक विषय, कौशल्याधारित अभ्यासक्रम, भाषा, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानप्रणाली असतात. एका सत्रात साधारण २२ श्रेयांक मिळवायचे असतात. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे वर्गातले सुमारे १५ तास. थोडक्यात, जून-जुलैमधल्या प्रवेशाच्या गर्दीत निवडलेल्या तीन विषयांतूनच पुढचा मुख्य विषय ठरतो.

समाजशास्त्राच्या जोडीला काय घ्यावे?

खरा निर्णय इथेच आहे. मायनर विषय पुढे काय करायचे यावरून ठरवावा. ग्रामविकास किंवा सहकार क्षेत्रात जायचे असेल तर अर्थशास्त्र, प्रशासनाकडे ओढा असेल तर राज्यशास्त्र, समुपदेशन किंवा समाजकार्य करायचे असेल तर मानसशास्त्र, जमीन-पाणी-स्थलांतर यांत रस असेल तर भूगोल. खुला वैकल्पिक विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा असावा लागतो. बरेच विद्यार्थी तिथेही हलकाफुलका विषय शोधतात. संख्याशास्त्राची तोंडओळख किंवा संगणकावर माहिती हाताळण्याचा विषय उपलब्ध असेल, तर तो सोडू नये. सर्वेक्षणाचे आकडे वाचता न येणारा समाजशास्त्राचा पदवीधर मुलाखतीत अडतो, हे आधीच सांगितलेले बरे.

‘सोपा विषय’ हा समज कुठून आला?

गाइड वाचून, व्याख्या पाठ करून उत्तीर्ण होता येते, या अनुभवातून. विषयाचा महाराष्ट्रातला इतिहास मात्र वेगळे सांगतो. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये इरावती कर्वे यांनी गावोगाव फिरून नातेसंबंध आणि जातिव्यवस्थेचा अभ्यास केला; कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणीही त्यांनी केली. त्याआधी, १९१५ मध्ये, महसूल खात्यात काम केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाले. पाहणे, विचारणे, मोजणे आणि मग लिहिणे, असे हे शास्त्र आहे. पाठांतराने ते सोपे होते खरे, पण हाती काहीच उरत नाही.

गावातच अभ्यासाचे क्षेत्र कसे?

सुदुंबरे येथे संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजींमुळे हे गाव तेली समाजाचे श्रद्धास्थान झाले. जात, व्यवसाय आणि भक्ती यांचा संबंध समजून घेण्यासाठी याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही. याच गावात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. एका बाजूला चाकणची, दुसऱ्या बाजूला तळेगावची औद्योगिक वसाहत. जमीन विकलेल्या घरात पैसा कुठे गेला, परप्रांतीय कामगार कुठे राहतात, कंपनीत जाणाऱ्या सुनेच्या वाट्याची घरकामे कोण करते, हे सगळे समाजशास्त्राचेच प्रश्न. पवना जलवाहिनीला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ पोलीस गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा बळी गेला, तोही मावळच्या पाण्याचा आणि शहराच्या वाढीचा प्रश्न होता. नव्या रचनेत क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग आणि कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. ते इंटरनेटवरून उतरवलेल्या अहवालावर उरकायचे की शंभर घरांची पाहणी करून मिळवायचे, यातच पदवीची किंमत ठरते.

तीन वर्षे की चार?

तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. चौथे वर्ष प्रत्येक महाविद्यालयात असेलच असे नाही. नोकरीची घाई असलेल्या घरात हा प्रश्न आधी बोलून घ्यावा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे. पण केवळ त्या आशेवर विषय घेणाऱ्याने दुसरी वाटही तयार ठेवावी.

जबाबदारी कोणाची?

घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला मेजर आणि मायनर यांतला फरक प्रवेशाच्या खिडकीवर कळावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. माहितीपुस्तिकेत दहा पर्याय छापायचे आणि शिक्षक एकच असल्याने एकच पर्याय शिकवायचा, याला निवड म्हणत नाहीत. यंदा कोणते विषय खरोखर शिकवले जाणार, ते महाविद्यालयांनी मराठीत, अर्ज भरण्याआधी जाहीर करावे. एक दिवस पालकांसाठीही ठेवावा.

तोवर विद्यार्थ्यांनी सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. समाजशास्त्र तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून इथे आहे का? पूर्णवेळ शिक्षक किती? हवा तो मायनर याच वेळापत्रकात बसतो का? क्षेत्र प्रकल्पाला मार्गदर्शन कोण करणार? उत्तरे मिळाली नाहीत, तर शेजारच्या महाविद्यालयात चौकशी करावी. बसभाड्याचे काही रुपये जातील, पण तीन वर्षे वाचतील.